पत्त्याचा पत्ता

मानाग्वात घरांना नंबर नसतात.
पाकिटावर लिहितात:
बर्फाचा कारखाना होता तिथून
तळ्याकडे दोन चौक, वर एक,
हिरवं फाटक.
वर म्हणजे उगवतीकडे. उत्तर कुणी म्हणत नाही,
तळं म्हणतात.

होता, म्हणजे आता नाही.
बहात्तरच्या भूकंपात भुईसपाट झाला,
मी जन्मायच्या आधी.
तरी पोस्टमन अजून त्या मोकळ्या जागेवर येतो,
सायकल टेकवतो,
आणि नसलेल्या कारखान्याकडे पाठ करून
पावलं मोजायला लागतो.

संध्याकाळचा वर्ग, पंखा बंद.
प्रोफे मेल्बा फळ्यावर चांदणी काढते:
‘ही लावली की पत्त्यावर जायचं,
दार ठोठावायचं, आत कोण आहे ते बघायचं.’
एक चांदणी मला कळली.
आमच्या शहरात ती शेंबड्या पोरालाही कळते.

दोन चांदण्यांपाशी घोडं अडलं.
फंक्शनला माझा पॉइंटर दिला,
त्यानं आत नवी जागा घेतली,
ऐसपैस, शंभर आकडे मावतील एवढी,
आणि परत येऊन बघते तर
माझ्या हातात तोच जुना शून्य.
तीनदा चालवलं. तीनदा सेगमेंटेशन फॉल्ट.
‘जागा मिळाली होती ना?’
‘मिळाली होती.’
‘मग गेली कुठे?’
बेपत्ता.

प्रोफे खुर्ची ओढून शेजारी बसली.
‘योर्लेनी, तुझे वडील पत्र लिहितात का गं अजून?’

लिहितात. कोस्टा रिकाहून,
एका बांधकामावरून दुसऱ्यावर जाता जाता.
पण मे महिन्यात आम्ही घर बदललं,
आणि पत्रं अजून हिरव्या फाटकाशीच पडतात.
नवा भाडेकरू ती ठेवतो की जाळतो, देव जाणे.
‘नवा पत्ता लिहून नाही ठेवलास?’
ठेवला की. माझ्या वहीत. सुवाच्य अक्षरात.

बोलता बोलताच जीभ चावली.

फंक्शनला मी दिली होती चिठ्ठीची नक्कल.
त्यानं नकलेवर खाडाखोड केली,
इमानेइतबारे,
आणि जाताना ती चुरगाळून टाकली.
मूळ चिठ्ठी होती तिथंच, जशीच्या तशी.
‘चिठ्ठी बदलायची,’ प्रोफे म्हणाली,
‘तर तिच्यात काय लिहिलंय ते सांगून भागत नाही.
ती ठेवलीय कुठे, ते सांगावं लागतं.’

वडिलांचा पाय ठरत नाही,
त्यांची चिठ्ठी मात्र हलत नाही.
सान होसेत, बसस्टँडमागे,
दोन्या एर्मिंदाच्या दुकानात,
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली.
दर खेपेला तिथं जाऊन पत्ता उतरवून घेतात.
पाठ करत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री मी वडिलांना नाही,
दोन्या एर्मिंदाला लिहिलं:
‘तुमची माझी ओळख नाही.
डबा उघडा. झाकण उलटं करा.
पिवळ्या कागदावर जे आहे ते खोडा,
आणि लिहा:
एस्त्रेया थिएटर होतं तिथून
खाली तीन चौक, डोंगराकडे अर्धा.’

मग जिथं पॉइंटर देत होते
तिथं त्याचा पत्ता दिला.
आत एक चांदणी वाढवली.
शंभर आकडे शहाण्यासारखे रांगेत बसले.
प्रोफेनं नुसतं हूं केलं.
‘आणि घेतलेली जागा परत कोण करणार?’
त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

जुलैत पत्र आलं.
नव्या दारी, वडिलांच्या तिरप्या अक्षरात.
पैसे पाठवतो, गुडघा बरा आहे,
आणि खाली, जागा उरली नव्हती तिथं, आडवं लिहिलेलं:
थिएटर होतं म्हणजे?
कधी पाडलं?